मायची डावी बाजू

बुंदी, राजस्थान
२४ नोव्हेंबर २०२४

चि. धम्मपाल यास,
विमलअक्काचा जयभीम आणि अ. उ. आ.

साक्षीकडून तुला कळलंच असेल की आमच्या सहलीची बस मला न घेता चित्तोडगडला गेली. बस मला विसरली नाही, मीच उतरले. माझी बॅग खाली काढून घेतली, टूरच्या मॅनेजरला तसं लिहून दिलं आणि खिडकीतल्या बायकांना हात केला. निम्म्या बायका माझ्याकडे बघून हळहळत होत्या, निम्म्यांना मनातून माझा हेवा वाटत होता. तू सविताला म्हणाला असशील की निवृत्त झाल्यापासून अक्काचं डोकं फिरलंय. तसं काही नाही. नीट वाच, आणि वाचून होईपर्यंत चिडू नकोस.

इथे गडाच्या पायथ्याशी एका चित्रकाराच्या घरी बस थांबवली होती. छोगालालजी नाव त्यांचं. सत्तरीचे असतील. वीतभर कागदावर अख्खा राजवाडा, बाग, हरणं आणि तलाव काढतात. आलेल्या बायकांच्या अंगठ्याच्या नखावर हत्ती काढून देतात, तो माझ्याही नखावर आहे आणि भांडी घासून घासून त्याची आता फक्त सोंड उरली आहे. तर मी त्यांना विचारलं की जिचा एकही फोटो नाही अशा बाईचं चित्र काढून द्याल का. त्यांनी हो म्हटलं आणि मी सांगेन तसं काढायला बसले. झालेलं बघितलं तर कमळाच्या पाकळीएवढा डोळा, टोकदार नाक, गळ्यात मोत्यांच्या माळा. मी म्हटलं, ही माझी आई नाही, ही कुठली तरी राणी आहे, हिच्याकडे आमच्या आईनं धुणं धुतलं असतं.

ते रागावले नाहीत, हसले. म्हणाले की आमच्या घरात बाईचा चेहरा एकच, आजोबांपासून चालत आलेला. त्याचा खाका असतो. खाका म्हणजे चेहऱ्याच्या रेघेवर सुईनं बारीक भोकं पाडलेला पातळ कागद. तो खाली ठेवलेल्या कागदावर धरून वरून कोळशाची पूड फिरवली की ठिपक्यांचा चेहरा उतरतो. राणी काढा, दासी काढा, चेहरा तोच. खऱ्या माणसाचा चेहरा काढायचा तर तो ज्यानं पाहिलाय त्यानंच काढावा, असं म्हणून त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. मी एक रेघ ओढली. अंबडच्या कंपनीत केसाएवढ्या तारेची कॉईल गुंडाळण्यात माझा जन्म गेला, हात हलतो कशाला? त्यांनी रेघ बघितली आणि राहा म्हणाले, शिकवतो. तेवढ्यात बसनं हॉर्न दिला. पुढचं तुला माहीत आहे.

आता खरं कारण सांगते. धम्मा, मला मायचा चेहरा आठवत नाही. ती गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि तू सहा. इतकी वर्षं मला वाटत होतं की तो आत कुठेतरी ठेवलेला आहे, हवा तेव्हा काढता येईल. निवृत्तीनंतर निवांत बसून काढायला गेले तर आरशातली मीच येते, चष्म्यासकट. मला तिचा चेहरा परत हवा आहे. दुसरं काही नको.

सोबत एक खाका पाठवते. माझ्या अंदाजानं काढलाय. इथे चेहरा नेहमी एका बाजूनं काढतात, समोरून नाही, म्हणून असा आहे. कुठे चुकलं ते तू पेन्सिलीनं दाखव. मोबाइलवर पाठवला असता, पण तिथे चित्र बोटानं लहानमोठं होतं, आणि मला तर कागद त्याच मापाचा तुझ्या हातात हवा आहे. फोनवर बोलायचं म्हटलं तर कंपनीतल्या प्रेसशॉपच्या आवाजानं तुझे कान खाल्लेत. म्हणून पत्र.

सध्या मला रंगाला हात लावू देत नाहीत. कागदाला कागद खळीनं चिकटवून जाड वसली करायची आणि ती गुळगुळीत दगडानं दिवसभर घोटायची. खांदा भरून येतो. त्यांच्या घरातच माडीवर खोली दिली आहे. जेवायला रोज बाटी. भाकरीची फार आठवण येते, हे सविताला सांग म्हणजे ती खूश होईल.

रागावलास तरी उत्तर टाक.
तुझी,
विमलअक्का


सिडको, नाशिक
३ डिसेंबर २०२४

आद. विमलअक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. आम्ही सर्व बरे आहोत. नाशकात थंडी पडली आहे, तिकडे जास्त असेल, कानाला बांधत जा. तुझे कान तरी शाबूत राहू देत.

बस सोडल्याबद्दल मी काही बोलत नाही. बोलून तू कधी ऐकलंयस? सविताला तुझं कौतुकच वाटलं. साक्षी तर गंगापूर रोडच्या ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटली आहे की माझी आत्या टूरमधून पळाली. घरात माझ्या बाजूनं कोणी नाही.

पण अक्का, ते चित्र मला नको आहे. राग मानू नकोस, कारण सांगतो. दादा गेल्यावर आपण त्यांच्या मतदार कार्डावरचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला. आठवतं? त्याआधी मला दादा कसे आठवायचे, तर सायकल टेकवून शिट्टी वाजवत येणारे, खिशात शेंगा असणारे. फोटो लागला आणि हळूहळू ते दादा संपले. आता दादा म्हटलं की टोपी घातलेला, डोळे ताणलेला तो माणूसच समोर येतो, जसा तो कधीच नव्हता. फोटोनं माझा बाप खाल्ला. मायचं माझ्याजवळ फार थोडं आहे. अगदी थोडं. तू चुकीचं चित्र काढलंस आणि ते छान दिसलं, तर हे थोडंसुद्धा जाईल. म्हणून नको.

आणि तू काढणार तरी काय? तुझ्या खाक्यात गाल साफ आहे. मायच्या गालावर, कानाजवळ, भाजल्याचा डाग होता, चिंचोक्याएवढा. कातडी तिथे गुळगुळीत होती. मी त्यावर बोट ठेवून झोपायचो. हे जिला आठवत नाही तिनं मायचं चित्र काढू नये, असं मला वाटतं. कडक लिहिलं गेलं, पण खोडत नाही.

खाका जसा आला तसा परत पाठवत आहे. तुझ्या पायाचं दुखणं कसं आहे? गोळ्या संपल्या असतील तर साक्षी कुरियर करेल.

आपला आज्ञाधारक नसलेला भाऊ,
धम्मपाल


बुंदी
१४ डिसेंबर २०२४

चि. धम्मपाल यास,
जयभीम आणि अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी इतकी संतापले की लगेच उत्तर लिहून काढलं. त्यात तुला काय काय म्हटलं होतं ते आता सांगत नाही. नशीब, पोस्ट बंद झालं होतं.

मी लिहिलं होतं की मायच्या गालावर डाग नव्हताच. गोंदणाचा हिरवा ठिपका होता, डोळ्याखाली, तिळापेक्षा मोठा. मी रोज बघायचे. सकाळी चुलीचा उजेड तिच्या गालावर पडायचा आणि तो ठिपका काळाभोर दिसायचा. तू कुणा दुसऱ्याच बाईचा गाल धरून बसलायस आणि वर मलाच शहाणपण शिकवतोस, असं बरंच काही होतं.

दुसऱ्या दिवशी वसली घोटायला बसले, तर राग सगळा हातात उतरलेला. कागद फाटतो की काय असं झालं. छोगालालजींनी दगड काढून घेतला आणि काय झालं विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे एकच विचारलं, कौनसा गाल? मला कळेना. ते म्हणाले की एका बाजूनं चेहरा काढायचा तर पहिला प्रश्न हाच, माणूस कुठल्या बाजूनं पाहिलंय. पाहणारा जिथे बसतो तीच बाजू त्याच्याजवळ राहते.

धम्मा, तेव्हा मला उमगलं. अरे, आपलं ते एका खणाचं घर आठव. माय चुलीपुढे. तिच्या उजव्या हाताला मी, लाकडं पुढे सारायला. डाव्या बाजूला भिंत, आणि भिंत आणि माय यांच्यामध्ये तू, तव्यावरच्या भाकरीवर डोळा ठेवून. रात्री झोपतानाही तसंच. तू लहान म्हणून भिंतीकडे. जागा कधी बदलली नाही. मी माझी जागा तुला कधी दिली नाही आणि तू तुझी सोडली नाहीस. गोंदण उजव्या गालावर होतं आणि डाग डाव्या. तू डाव्या बाजूच्या मायबरोबर वाढलास, मी उजव्या बाजूच्या. आपण दोघंही खरं बोलत होतो.

इतकं रडू आलं की छोगालालजींची सून पाणी घेऊन आली. वाईट वाटून नव्हतं रडू. तिचा एवढा तुकडा एकदम हाती लागला म्हणून.

दादांच्या फोटोचं तू लिहिलंस ते मला पटलं. अगदी खरं आहे. पण तुझ्याजवळ खाल्लं जाण्यासारखं काही आहे तरी. माझ्याजवळ तो ठिपका सोडला तर काही नाही. आणि तुझंही किती दिवस टिकणार? आपण काही आता लहान नाही.

मी ठरवलंय की डावी बाजू काढायची. तुझी. चमकीही डाव्या नाकपुडीतच होती, तीही दिसेल. माझा ठिपका राहिला तरी चालेल. तुझ्याशिवाय मला ही बाजू येत नाही रे. मी ती कधी पाहिलीच नाही. नवा खाका पाठवते, त्यात फक्त कपाळ आणि मान काढली आहे. मधलं तू भर. मन झालं तरच.

सविताला आणि साक्षीला माझा जयभीम सांग. पाय बरा आहे.
वाट बघणारी,
अक्का


सिडको, नाशिक
२९ डिसेंबर २०२४

आद. अक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

खाका भरून पाठवत आहे. मला चित्रकला येत नाही हे तुला माहीत आहे, शाळेत मी काढलेल्या बैलाला गुरुजी मांजर समजले होते. पण अंबडला जन्मभर पत्रा कापायच्या डायची कड तपासली. एका बाजूनं कड कशी उतरते, कुठे थांबते, एवढं मला कळतं. म्हणून रेघ ओढायला जमली. भुवईपासून नाक सरळ खाली येत नाही, मध्ये थोडं दबतं. वरचा ओठ खालच्यापेक्षा पुढे. हनुवटी लहान. डाग जिथे होता तिथे गोल केला आहे. बोट ठेवून बघितलं, जागा बरोबर वाटते.

सविता म्हणाली की काढताना मी एकदाही खोडरबर मागितलं नाही. मलाही त्याचं नवल वाटलं. आणि नंतर वाटलं की तुला पुरतं सांगावं. हे मी सवितालाही सांगितलेलं नाही.

ही रेघ मला चुलीजवळची नाही आठवत. बैलगाडीतली आठवते. मायला सटाण्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी जुंपली होती. तू शेजारणीकडे होतीस. मी गाडीच्या डाव्या चाकाजवळ उभा होतो. दादांनी तिला गोधडीत गुंडाळून बसवलं. मी खूप ओरडलो, माय माय म्हणून. तिनं बघितलं नाही, अक्का. समोर बघत बसली. मी चाकाबरोबर पार मोसम नदीच्या पुलापर्यंत पळालो तरी तिनं मान वळवली नाही. तीच डावी बाजू, कपाळापासून हनुवटीपर्यंत. त्यानंतर ती आली नाही.

मला तिची आठवण येते आणि तिचा राग येतो, दोन्ही एकदम. एवढा मोठा झालो, नोकरी केली, संसार केला, पण तो राग तिथेच आहे. आता तू जी बाजू काढणार ती हीच. मान न वळवणारी. तुझ्यासाठी रेघ दिली. चित्र पाठवू नकोस असं आता म्हणत नाही, पण पाठवलंस तर मी ते बघेनच असं नाही.

थंडी वाढली आहे. सवितानं बाजरीच्या पिठाचा डबा पाठवला आहे. तिथल्या सुनेला भाकरी थापायला तूच शिकव.

तुझा,
धम्मा


बुंदी
४ फेब्रुवारी २०२५

चि. धम्मपाल यास,
जयभीम आणि खूप खूप आशीर्वाद.

महिनाभर पत्र नाही म्हणून साक्षी रोज मेसेज करत होती. काय लिहू कळत नव्हतं. तुझ्या गाडीच्या गोष्टीवर मी जे काही लिहिलं असतं ते खोटं वाटलं असतं. मी त्या दिवशी शेजारच्या घरात होते, मला कोणी बाहेर येऊ दिलं नाही. तू एकटाच पळालास हे मला आत्ता कळतंय. मी मोठी होते, तुझा हात धरायला मी हवी होते. बास, आणखी लिहवत नाही.

तुझी रेघ छोगालालजींनी बराच वेळ बघितली. म्हणाले, ह्याला हात लावू नका, अशीच घ्या. मग मी तिच्यावर सुईनं भोकं पाडली. आधी अंगाचा रंग लावला, मग लुगड्याचा. हिरवं काढलंय, काठ लाल. चुकलं असेल तर सांग. त्यानंतर परदाज, म्हणजे रंग फासायचा नाही, अगदी बारीक ठिपके आणि रेघा देत देत गालाची आणि गळ्याची सावली आणायची. एकेक गाल तीन-चार दिवस चालतो. कॉईलच्या कामासारखंच, घाई केली की सगळं उसवायचं. मी गालाखाली सावली दिली, डोळ्याखाली दिली, ओठाच्या कडेला दिली. तिनं किती कष्ट काढले ते दिसायला नको का?

डोळा शेवटी. त्यांच्या घरात डोळा उघडेपर्यंत चित्राला माणूस म्हणत नाहीत, कागदच म्हणतात. सगळं झाल्यावर एका श्वासात तो काढायचा. मी काढला.

धम्मा, मला वाटतं ती आली आहे. पण मला खात्री देता येत नाही आणि तू तर बघणार नाहीस. म्हणून एक काम कर. हे पाकीट न उघडता नामपूरला भागीमावशीकडे ने. मायला मोठ्या माणसाच्या नजरेनं बघितलेलं आता तेवढंच माणूस उरलं आहे. मायची पाठची बहीण ती, पंचाहत्तरी कधीच उलटली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला छान दिसतं. तिनं मायचं नाव घेतलं, कुसा म्हटलं, तर मी जिंकले. नाही म्हटलं तर तसंच परत पाठव, मी घरी येते आणि हा विषय पुन्हा काढत नाही.

तुझी,
अक्का


सिडको, नाशिक
१७ फेब्रुवारी २०२५

आद. अक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

नामपूरला जाऊन आलो. साक्षीनं सुट्टी काढून गाडी चालवली. बाजार समितीपुढे कांद्याचे ट्रॅक्टर इतके की मावशीच्या घरापर्यंत चालतच गेलो. मावशी उन्हात बसली होती. मला बघून आधी भरपूर शिव्या दिल्या, किती दिवसांनी आला म्हणून. मग चहा. मग मी पाकीट दिलं आणि स्वतः दाराकडे तोंड करून उभा राहिलो.

तिनं चित्र जवळ नेलं, लांब नेलं, हे साक्षीनं नंतर सांगितलं. नाक तिनंच शे म्हणाली. हनुवटी बरोबर. कानाजवळच्या डागावर बोट ठेवून म्हणाली की तो तर माझ्यामुळेच झाला, लहानपणी भांडताना मीच चटका दिला होता.  आणि मग ती मान हलवून म्हणाली की हाई कुसा नही शे, हाई तर तिनी सासू शे.

साक्षीला हसू आलं. मला नाही आलं. मी विचारलं की मावशी, सगळं बरोबर आहे तर कुसा का नाही. त्यावर ती माझ्यावरच चिडली. म्हणाली की तुम्हा दोघांना काही कळतं की नाही, कुसा म्हातारी कधी झाली? ती तर पोर व्हती. दोन लेकरं झाली तरी मोसमच्या पाण्यात उड्या मारायची, सासूनं बघितलं की ओल्या लुगड्यानं पळायची. बोरं पाडायला दगड मारायची आणि नेम चुकला की स्वतःच खदखदून हसायची. हसताना तोंडावर हात ठेवायची, कारण पुढचा एक दात थोडा आडवा होता. भलती हासे, असं मावशी तीन-चारदा म्हणाली, आणि मग पदरानं डोळे पुसत बसली.

तेव्हा मी वळून चित्र बघितलं. बघणार नव्हतो, पण बघितलं. अक्का, ती बाई साठीची आहे. आपण तिला आपल्या वयाची केली. तू सावल्या दिल्यास, पण रेघ माझी होती, आणि मीसुद्धा मान सैल, गाल उतरलेला असाच काढला होता. माय म्हणजे आपल्यापेक्षा मोठी, एवढंच आपल्या डोक्यात. आपण वाढत गेलो तसं तिलाही वाढवत नेलं. ती सव्वीस वर्षांची होऊन गेली, हे मला माहीत होतं. पण सव्वीस म्हणजे काय, हे मी कधी बघितलंच नव्हतं.

येताना साक्षी गाडी चालवत होती आणि मी शेजारी, डाव्या बाजूला. गाणं लावून, च्युइंगगम चघळत, पुढच्या ट्रकवाल्याला नावं ठेवत चालली होती. अठ्ठावीस वर्षांची आहे आणि मला अजून तिला रस्ता क्रॉस करताना हात धरावासा वाटतो. सटाण्यापासून नाशकापर्यंत मी तिच्याकडे बघत आलो. तिनं दोनदा विचारलं, पप्पा, काय झालं? 

तू हरलीस असं मी म्हणत नाही. घरी येऊ नकोस अजून. पुन्हा काढ. चित्र परत पाठवतो आहे, सोबत साक्षीचा एका बाजूनं काढलेला फोटोही आहे, मायसारखी दिसते म्हणून नव्हे, त्या वयाचा गाल कसा असतो ते कळावं म्हणून.

तुझा,
धम्मा


बुंदी
२० मार्च २०२५

चि. धम्मास,
जयभीम आणि माझे सगळे आशीर्वाद.

पुन्हा काढलं. जुन्यावर दुरुस्ती करता येईना, परदाज एकदा दिला की निघत नाही, म्हणून नवी वसली घेतली. छोगालालजी म्हणाले की सावली देणं पहिल्या वर्षी शिकवतात आणि न देणं शेवटी. मी गालाखाली काही ठेवलं नाही, डोळ्याखाली नाही. गाल नुसता गोल. ओठ थोडे उघडे, आडवा दात दिसेल इतकेच. हात तोंडाकडे निघालेला आहे, पोचलेला नाही. कष्ट दाखवायचा माझा हट्ट सोडला. कष्ट होतेच, पण ते तिच्या तोंडावर यायच्या आतच ती गेली.

काम करताना एक गंमत झाली, गंमत म्हणू की काय म्हणू. पहिल्या चित्राच्या वेळी मी मनात तिला माय म्हणायचे. या वेळी म्हणायला गेले तर तोंडातून निघेना. इतकी कोवळी. मला वाटायला लागलं की हिला थंडी वाजत असेल, हिनं जेवण केलं असेल का, हिला इतक्या लवकर लग्नाला कुणी उभं केलं? डोळा काढायच्या आधी मी तिला म्हटलं, घाबरू नको गं पोरी, मी आहे. माझ्याच आईला. सून ऐकत होती, तिला मराठी कळत नाही, पण तीही डोळे पुसत होती.

मला वाटलं होतं की चेहरा सापडला की मला आई परत मिळेल. ती नाही मिळाली, धम्मा. मिळाली ही पोर. पण मला वाईट वाटत नाही. मी तिच्याकडे बघत बसते आणि मला तिची काळजी वाटते, आणि ती काळजी मला फार बरी वाटते.

चित्र पाठवते आहे. बघायचं की नाही ते तुझ्यावर. मावशीला मात्र नक्की दाखव. रामगंजच्या दगडाचा एक खल आणि थोडे रंग घेतले आहेत, ते सामानात बसवायचे म्हणून इथे दोन-चार दिवस जास्त जातील.

सर्वांना जयभीम.
तुझी,
अक्का


सिडको, नाशिक
३१ मार्च २०२५

आद. अक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

चित्र मिळालं. पाकीट मीच उघडलं.

मावशीचं आधी सांगतो. तिनं बघितलं, हाई शे एवढंच म्हणाली आणि चित्र हातातून सोडेना. आम्ही मागितलं तर आमच्याकडे पाठ करून बसली. शेवटी तिच्याकडेच मुक्काम पडला. सकाळी दिलं, तेही फोटो मोठा करून आणून द्यायचं कबूल करून घेऊन. तेव्हा तू जिंकलीस.

आता माझं. मी म्हणालो होतो तेच झालं. माझ्याजवळ होती ती गाडीतली माय आता येत नाही. डोळे मिटून खूप प्रयत्न केला. गाडी येते, बैल येतात, चाक येतं, पण गोधडीत ही मुलगीच बसलेली असते. तिला ताप आहे. दवाखाना तिनं कधी बघितलेला नाही. मागून तिचं लेकरू ओरडत येतं आहे. आणि ती समोर बघत आहे, कारण एकदा वळली तर तिला गाडीतून उतरावंच लागेल. साक्षीला लहानपणी पहिल्यांदा शाळेत सोडलं तेव्हा मीसुद्धा वळून बघितलं नव्हतं. सविता मला निर्दयी म्हणाली होती. मला बघवलं नसतं म्हणून बघितलं नव्हतं, दुसरं काय?

अक्का, मी एका मोठ्या बाईवर रागावलो होतो. मोठ्या बाईनं वळून बघायला हवं होतं. पण ही एवढीशी पोर, हिच्यावर कोण रागावणार? मी चित्र समोर ठेवून बसलो होतो. सविता आली, जवळ बसली. मी तिला पुलाची गोष्ट सांगितली. एवढा मोठा बाप्या हुंदके देऊन रडला, हे तू साक्षीकडून ऐकशीलच, म्हणून मीच सांगून टाकतो.

त्या घरात तिच्याकडे बघायला कोणी नव्हतं. दादा शेतावर, सासू तशी, आणि आपण दोघं तिच्या अंगाखांद्यावर. आता आपण दोघंही तिच्यापेक्षा मोठे झालो आहोत. तेव्हा सामान बसवण्यात जास्त दिवस घालवू नकोस. स्टेशनवर मी स्वतः येतो. पोर घरी आली आहे, तिला दोघं मिळून सांभाळू.

तुझा,
धम्मा